नववा दिवस

आठ दिवस हिल्के येत होती.
सायकल कुंपणाला, बूट दाराशी,
हात कोपरापर्यंत धुऊन बाळाकडे जायची,
पण त्याआधी माझ्या तोंडाकडे बघायची.

वहीत लिहायची: ताप नाही. ओले लंगोट पाच.
डावीकडे प्यायलं, उजवीकडे रुसलं.
आणि खाली, बारीक अक्षरात:
आई रडली, भांडी विसळताना. भांडी मी घेतली.

विम्याच्या कागदावर एकोणपन्नास तास होते.
बडीशेप भुरभुरलेल्या टोस्टचा हिशेब नव्हता त्यात,
की हार्लिंगेनच्या बंदरावर पेट्या आपटणाऱ्या वीबेला
बाळ धरायला शिकवलं, त्याचा:
"कोळंबी सोलतोस ना? तोच हात."

आठव्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवली.
म्हणाली, उद्यापासून स्टीन्स्मांच्या जुळ्यांकडे.
मला त्या जुळ्यांचा रागच आला.

आज खाडीवरून वारा, दारात सायकल नाही.
वही उघडली. पेन तिचंच राहिलेलं.
ओले लंगोट सहा. दोन्हीकडे प्यायलं.
खालची ओळ दुपारपर्यंत कोरी.
मग लिहिलं, आई
आणि तिथंच थांबून
वीबेला हाक मारली,
भांडी घे रे.