मंगळवारी तिकीट निम्म्या दरात

मंगळवारी तिकीट निम्म्या दरात,
म्हणून जाते. सिनेमातलं मला काही कळत नाही,
हे आधीच सांगून ठेवते.
एकतीस वर्षं कुताइसीच्या दवाखान्यात
मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवल्या मी.
कुणी बोलायला लागलं
की त्याच्या डोळ्यांकडे माझं लक्षच जात नाही.

गेल्या महिन्यातला तो लढाईचा.
वेढ्याला सात महिने झालेले,
किल्ल्यात उंदीरसुद्धा उरलेला नाही,
आणि सरदार मरताना तोंड उघडतो तर
आत बत्तीसच्या बत्तीस, खडीसाखरेसारखे!
त्सिआलाच्या कानात म्हटलं,
सगळ्यांच्या वाटचं यानंच खाल्लंय बघ.
पुढच्या रांगेतली पोरं खिदळली.
हसतील त्यांचे दात दिसतील, दिसले,
एकाला तार बसवायला हवी होती.
त्सिआला मात्र रडत होती.
तिला लढाया आवडतात,
म्हणजे लढाईत मरणारे सरदार.

मग तो अवकाशातला.
निळा उजेड, काचेचं शिरस्त्राण, अडीच तास.
बाई यानात एकटी, अकरा वर्षं,
देवाशी बोलते, यंत्राशी बोलते,
आणि अकरा वर्षांत एकदाही दाढ दुखत नाही?
मध्ये मला डुलकी लागली.
जाग आली तेव्हा ती तिथेच होती,
म्हणजे माझं फार काही बुडालं नाही.

प्रेमाचा एक पाहिला, त्याबद्दल काय बोलायचं.
ओठ परक्या भाषेत हलत होते, आवाज आमच्या.
ओठ मिटले तरी वाक्य चालूच,
अगदी माझ्या धाकट्या दिरासारखं.
गाढव दिसलं एका प्रसंगात, ते चांगलं होतं.

दाराशी झौर उभा असतो, तिकिटं फाडतो,
बाहेर पडताना दर वेळी विचारतो,
कसा होता, नातेला?
बरा होता, म्हणते मी.
तोही तेवढंच लिहून घेतल्यासारखी मान हलवतो.

आणि काल तो म्हाताऱ्याचा.
आम्ही धरून पाच जण होतो.
म्हातारा बाजारातून येतो, बूट काढतो,
टेबलापाशी बसतो, नासपती कापतो.
बस्स. खिडकीबाहेर ट्रक जातो एक.
त्सिआलाच्या सूर्यफुलाच्या बिया संपल्या,
ती म्हणाली, आता काहीतरी होईल.
काही झालं नाही.
तो कापत राहिला, पातळ, पातळ,
कागदासारखी फोड,
आणि चावत राहिला फक्त उजवीकडे.

ओतारही अशीच कापायचा.
मला वाटायचं, लाड आहेत जिभेचे.
नऊ वर्षं तो सांगत होता, डावीकडे टोचतं गं.
आणि मी म्हणायचे,
माझ्या हातची कवळी टोचत नाही,
साऱ्या गावात कुणाला टोचली नाही.
सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या असत्या त्याच्या,
दात असते तर.
मग त्यानं सांगणं सोडलं
आणि सुरीला धार लावून आणली.

कानस फिरवायची होती डाव्या कडेला.
दहा मिनिटांचं काम.
शेजारणीच्या भावाचं केलं होतं, फुकट,
सणाच्या आदल्या रात्री.

पडद्यावर म्हाताऱ्यानं बी बाजूला काढून ठेवलं,
सुरी पुसली, दिवा घालवला.
नट कोण होता ठाऊक नाही.
पण त्याच्या तोंडात काहीतरी खरंच टोचत होतं,
हे मी लिहून देईन, सहीशिक्क्यासकट.

त्सिआला म्हणाली, पैसे पाण्यात.
रिओनीच्या पुलापर्यंत तेच म्हणत होती.
त्याआधी दाराशी झौरनं विचारलं होतं,
कसा होता, नातेला?
म्हटलं, लांबला जरा.
मग दोन पायऱ्या उतरून परत चढले
आणि म्हटलं,
नासपती मात्र फार लवकर संपली.