एक ते सात

गुरुवारी प्रॅक्टिकल संपताना त्या बाई आल्या,
धारवाडहून, कापडी पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन.
नाव लिहायचं नाही, म्हणाल्या,
खरं तेवढं लिहा.

पानाच्या एका बाजूला इंग्रजी, मागं कन्नड.
माझी भाषा दोन्हींच्या मध्ये,
कागदाच्या जाडीएवढी.

झोप कशी लागते?
एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे अगदी छान.
मी चार लिहिले.
चार ही बसमधली मधली सीट,
तिथं बसलेल्याकडं कंडक्टरही दोनदा बघत नाही.

घरच्यांशी मोकळं बोलता का?
बाबा खानापुरात कौलांच्या भट्टीवर आहेत.
रोज रात्री साडेआठला फोन:
जेवलीस काय?
जेवलो.
(आमच्याकडं पोरीपण जेवलोच म्हणतात.)
थंडी हाय काय तिकडं?
हाय.
मग दोघंही फोन धरून गप्प,
भट्टीतनं काढलेली कौलं आपली आपण निवतात, तसे.
गणिताचा पेपर राहिलाय हे जूनपासून सांगायचंय.
रिझल्ट अजून लागला नाही, असं इतक्यांदा सांगितलंय
की मलाच आता युनिव्हर्सिटीचा राग येतो.
इथं सहा लिहिले. खोडून पाच.
परत सहा.

अडचणीत कुणाकडं जाल?
चौदा नंबरच्या खोलीत एक गादी अजून गुंडाळून ठेवलीय.
सुतळीची गाठ तिनंच मारलेली की मागनं कुणी,
कुणी विचारलं नाही.
'घरी गेली' एवढंच वॉर्डन मॅडम म्हणाल्या,
आणि गच्चीच्या दाराला नवं कुलूप आलं.
त्यानंतर आठवड्यानं हे कागद.

शेवटचा प्रश्न मी पान उलटून उलटून वाचला.
कन्नड बाजूला एक शब्द ओळखीचा निघाला,
अक्षरं गोल, आत आपलाच माणूस:
समाधान.
आयुष्यात आहे का. एक ते सात.

आमच्या घरी ते जेवणानंतर येतं.
बाबा ताटातच हात धुतात,
ढेकर देऊन म्हणतात, समाधान झालं.
नीलांबिकेच्या बैलहोंगलात ते रडताना येतं.

परवा रात्री टाकीमागं, कपड्यांच्या तारांखाली
मी रडत होतो.
ती बादली घेऊन आली. का, म्हणून विचारलं नाही.
नळ सोडला, आवाज झाकला जाईल एवढा,
नि शेजारी टेकून म्हणाली,
अळब्याड. समाधान माडको.
म्हणजे रडू नको. गप हो, सावर, जरा थांब.
तिच्या भाषेत समाधान आहे का, नाही का, असं नसतं बहुतेक.
ते करायचं असतं,
चहा करतात तसं, कुणीतरी समोर असताना.
बादली भरून वाहायला लागली तरी आम्ही उठलो नाही.
पाण्यावरनं वॉर्डन ओरडल्या, ते वेगळं.
मग खोलीत तिच्या आईची कडक भाकरी, शेंगाचटणी.
मध्यरात्री त्या भाकरीचा एवढा आवाज
की पलीकडच्या खोलीनं भिंत वाजवली.

बाई कागद गोळा करत माझ्यापाशी आल्या.
शेवटचं रिकामं राहिलंय.
मी म्हटलं, कुठल्या भाषेतलं विचारताय?
त्या थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला.
सकाळपासनं तीन कॉलेजं झाली होती त्यांची.
मग त्यांनीच पेन्सिल टेकवली, काहीतरी लिहिलं,
नि पान गठ्ठ्यात सरकवलं.
किती, ते मी बघितलं नाही.

साडेआठला फोन.
जेवलीस काय?
नाही अजून.
बाबा, रिझल्ट लागलाय. जूनमध्येच.

पलीकडं नुसता भट्टीवरचा वारा.
कुणीतरी फळी आपटली. कुत्रं भुंकलं.
मग त्यांनी विचारलं,
थंडी हाय काय तिकडं?

हाय बाबा.
लई हाय.