सेकंदाला एक

सुरुवात साखरेपासून झाली.
दोन लिटरची बाटली, पाव किलो साखर, चिमूटभर यीस्ट,
झाकणाला भोक, भोकात सलाइनची नळी.
चार दिवस काहीच नाही.
पाचव्या रात्री असे बुडबुडे सुटले
की मासे वर येऊन तोंडं उघडू लागले,
आणि मी दीड वाजता नळी चिमटीत धरून बसले.
यीस्टला बंद करायचं बटण नसतं.

मग लिंबूसत्त्व आणि खायचा सोडा.
दोन बाटल्या, एक काटा, पितळी चावी. बरं चाललं.
महिन्यातून दोनदा किराणावाला विचारायचा,
ताई, ढोकळ्याचं घरगुती सुरू केलं का?
हो म्हणायचे.
आमच्याकडे नळ नवव्या दिवशी येतो.
नव्वद लिटर पाणी काचेत उभं करून ठेवणारी बाई
गल्लीत फार बोलत नाही.

(बदललेलं पाणी सुमित्राबाईंच्या पपईला जातं.
पपई काही विचारत नाही.)

कामावर मी अंकुर मोजते.
बियाण्याची कंपनी, ओल्या कागदाची गुंडाळी, शंभर दाणे.
सातव्या दिवशी उलगडायचं आणि लिहायचं:
सरळ किती, वाकडे किती, कुजले किती,
नुसतेच फुगून बसले ते किती.
अंदाजपंचे मला जमत नाही. सिलिंडरच घ्यायचा ठरला.

ज्ञानोबा म्हणाला, जिनिंगमधलं आग विझवायचं नळकांडं पडून आहे, नेता का फुकट?
जाऊन पाहिलं. बुडाला गंज, तारीख वाचता येईना.
ठेवून आले.

कादराबादेत खलीलुल्ला चाचांचं दुकान,
गोळीसोड्याचं यंत्र पोत्याखाली झाकलेलं,
भिंतीला साखळीनं बांधलेले तीन सिलिंडर.
"कित्ता बडा होना?"
"दोन किलोचा."
"वो तो खिलौना है. पाच का ले जाव, भरनेकू उत्तेच पैसे लगते."
त्यांनी तो आडवा केला,
मानेवर ठोकलेल्या तपासणीच्या तारखेवरून अंगठा फिरवला.
"लोहे की बी उमर रैती, बेटी."

सोड्याचा रेग्युलेटर ते तसाच देत होते.
मी म्हटलं, नको, मला दोन काट्यांचा लागेल,
बारीक सुईची चावी लागेल,
आणि लाइट गेली की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह,
कारण लाइट जातेच.
मला सेकंदाला एक बुडबुडा हवाय.

"एक?"
चाचा हसले ते खोकला लागेपर्यंत.
"चालीस साल पानी में गॅस भरा मैं. लोगां डकार देते थे.
तू किसकू डकार दिलाती?"
"गवताला," मी म्हटलं.
त्यांनी पोत्यावर हात पुसले. भाव कमी केला नाही.

आता टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक थेंब आहे,
सकाळी निळा, दुपारी कैरीसारखा हिरवा.
पिवळा झाला तर धावायचं.
बोअरचं पाणी जड, त्यामुळे रंगावरही अर्धाच विश्वास;
खरं विचारते ते माशांच्या कल्ल्यांना.

सहा महिन्यांनी सिलिंडर भरून द्यायला चाचा स्वतः आले.
रिक्षातून उतरले, चहा नको म्हणाले,
गुडघे मोडून टाकीपुढे बसले.
चार वाजले होते. पानांच्या कडांना
मोहरीएवढे, खसखशीएवढे बुडबुडे धरले होते,
एखादा सुटायचा, वाकडातिकडा वर जायचा.
"ये अपना गॅस?"
"नाही. हे झाडांनी परत दिलेलं."
ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले.
मी मध्ये बोलले नाही. मोजणाऱ्याला हटकू नये.

पाचला टक् आवाज झाला. नळीतली रांग थांबली.
चाचा दचकले. "मर गया क्या?"
"नाही. घड्याळ लावलंय.
झाडांची सुट्टी झाली."
त्यांनी एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
"अच्छी नौकरी है," म्हणाले,
आणि उठायला माझा हात मागितला.