मापाची वही

हेतलबेन कागदावर चौकोन काढते, तो पुरुष.
गोल काढते, ती बाई.
आजार झाला असेल तर गोल भरून टाकायचा,
माणूस गेलं असेल तर वरून तिरकी रेघ.
माझा गोल तिने आधीच भरलाय,
बेचाळीस, उजवी बाजू,
आणि आता ती बाबांकडे वळते, तमारा घरमां कोई?
आमच्यात कुणाला नाही, बाबा म्हणतात,
आमच्यात चातुर्मासात वांगं नाही
म्हणावं तसं.

कुमुदआत्या कशाने गेल्या?
पोटाचं काहीतरी होतं.
वय?
बरंच.
मी पाहिलीय तिला फोटोत. वेणी काळीभोर,
कडेवर प्राची, प्राचीची एक चप्पल निसटलेली.
हेतलबेन त्या गोलात प्रश्नचिन्ह काढून ठेवते.

उत्तर दांडिया बाजारात होतं, बगाडे टेलरकडे.
मी गेले होते एवढंच सांगायला
की यापुढे माझे ब्लाऊज उजवीकडून वेगळे शिवा.
एकनाथकाकांनी मशीनवरून मान उचलली नाही.
करतो, म्हणाले. तुझ्या आत्याला करायचो तसे.
मग माळ्यावरून वही काढली,
पानांवर मशीनच्या तेलाचे डाग, शिवणीत अडकलेला खडू.
कुमुद. चौतीस. बाही सहा.
डावीकडे कापूस, दीड मूठ.
घरी बोलू नये.
एकोणऐंशीची दिवाळी आठ दिवसांवर होती.
आत्या एकतीस वर्षांची.

एका शिंप्याने इतकी वर्षं शब्द पाळला
आणि माझ्यासाठी मोडला.

बाबांनी रक्त द्यायला बाही स्वतःच दुमडली.
पण मला तर, म्हणाले,
आणि हात शर्टाच्या खिशावर गेला, पेन असतं तिथे.
बापाकडूनही येतं काका, हेतलबेन म्हणाली.
तीन आठवड्यांनी तिने त्यांच्या चौकोनात
एक बारीक ठिपका दिला.
रिक्षा सूरसागरला वळसा घालत होती तेव्हा बाबा बोलले,
सायकल तुला मी फार उशिरा घेऊन दिली.
पुढे काही नाही.

प्राची एकवीसची झाली त्या वर्षी
आमच्या लोकांनी तिला कोठी कचेरीत नेलं होतं.
हक्कसोडपत्र. रावपुऱ्याच्या घरात
आईकडून येणारा माझा कसलाही वाटा नाही.
पानापानावर सही, शेवटी अंगठा.
बाहेर तिला उसाचा रस पाजला म्हणे.
त्यानंतर ती आली नाही. आजोबांच्या तेराव्यालाही नाही.
भरूचला असते, शाळेत भूगोल शिकवते,
दोन मुली.

हा वाटा मात्र सही करून सुटत नाही.
भाऊ बहीण बघत नाही,
कोर्टात जात नाही,
प्रत्येक पोराच्या नावाने एकदा नाणं उडवतो
आणि कोणती बाजू पडली ते सांगत नाही
विचारल्याशिवाय.

नंबर बगाडेकाकांनीच दिला.
तिचे ब्लाऊज अजून इथेच शिवतात, कुरियरने जातात.
तिचं पान मी पाहिलं.
दोन्हीकडे सारखं माप,
खाली काही लिहिलेलं नाही.

पहिलं वाक्य मी पाच वेळा लिहून खोडलंय.
रिंग जातेय.

प्राची?
मी विदुला, बडोद्याहून.
नाही गं, नाही,
घराचं काही नाही.