थकबाकी

जुनी दाखलवही संगणकात चढवताना
नोंद सातशे बारा : घड्याळदुरुस्तीचं पुस्तक.
नेलं : ताम्हाणे, चरई. सन तीस.
परतीच्या रकान्यात देवस्थळींच्या टाकानं
एकच शब्द – तुरुंगात.

पुढे दंड नाही, स्मरणपत्र नाही.
दर मोजणीला फक्त पेन्सिलीचं बारीक टिंब,
अशी चौदा,
मग अक्षर बदलतं.

इमारत तीनदा हलली.
कादंबऱ्या वाळवीनं खाल्ल्या,
एका जुलैत मासुंद्याचं पाणी पायरी चढलं,
दरवेळी ही वही आधी कुणी उचलली
ते कुठेच लिहिलेलं नाही.

संगणक विचारतो : पुस्तक हरवलं? होय / नाही.

मी डबा उघडते.
समोर भिंतीवरचं घड्याळ
कधीपासून चार वीसवर.
माणूस येणार आहे म्हणतात.