नियम सातवा

दांडिया बाजारात, लोखंडी जिन्यावरच्या खोलीत
दक्षिणी परस्पर सहाय्यक फंडाचं कपाट आहे.
किल्ली माझ्याकडे असते,
कारण तो जिना चढू शकणारी
कमिटीत मी एकटीच उरले.

सात वह्या. तीन पितळी पातेली,
त्यातल्या एकाची कड चेपलेली.
आणि बिस्किटाच्या डब्यात नाटकाच्या मिशा.
डिंक कधीच सुकला,
मिशा अजून काळ्याभोर.

पहिली वही मोडीत आहे.
मला मोडी येत नाही,
आता आमच्यात कुणालाच येत नाही.
आकडे मात्र कळतात:
एका नावासमोर महिन्याला चार आणे,
चार आणे, चार आणे, चार आणे,
आणि मग एकदम
खर्चाच्या बाजूला पंधरा रुपये.
पुढे ते नाव नाही.

दुसरी वही बाळबोध.
रेल्वे कारखान्यातल्या कुणा सखाराम पाष्ट्यांचं अक्षर,
लोखंड कापल्यासारखं.
'नियम सातवा. सभासद मयत झाल्यास
खांद्यास चार माणसे फंडाने द्यावीत.
गावाहून कोणी पोचणे शक्य नसल्यास
मडके धरणाराही फंडाने द्यावा.
त्या रात्री त्या घरची चूल पेटू नये,
पिठलेभात फंडाचा.'
खाली पेन्सिलीने, वेगळ्या हातचं:
'मिरची कमी घालणे. रडून घसा बसलेला असतो.'

पुण्याची मावसबहीण आमच्या मराठीला हसते.
आम्ही खिडकीला बारी म्हणतो,
लाईट 'बंध' करतो,
आणि भांडण रंगात आलं
की सरळ गुजरातीत जातो.
वार्षिक अहवालात दरवर्षी एक वाक्य असतं:
फंडाने परमुलखात मायबोली जतन केली.
टाईप मीच करते.
पण जतन करायला कोण बसलं होतं, पाष्टेकाका?
तुम्ही पगाराच्या संध्याकाळी
चाळीत दारोदार चार आणे मागत फिरलात,
मागताना ती बोलावी लागली.

मंगळवारी मकरपुऱ्याहून तिघे आले.
खालच्या घड्याळवाल्याने पाठवलेले,
चपला जिन्यापाशीच काढून.
पुढचा म्हणाला, दुर्योधन स्वाइं, गंजाम जिल्हा, ओडिशा.
त्यांच्या खोलीतला एक मुलगा
पॉलिशिंगच्या मशीनवर गेला.
गाडीने गावी न्यायला अठ्ठावन्न हजार,
वाटेत दोनदा बर्फ बदलला.
ते पैसे उभे राहिले कसेबसे.
'पुढच्या वेळी असं नको,' तो हिंदीत म्हणाला,
'वही कशी घालतात, दाखवा.'

पुढच्या वेळी. किती सरळ म्हणाला.

मी सातवा नियम हिंदीत सांगायला घेतला
आणि पिठल्याशी अडले.
बेसनाचं, पातळ, गरम गरम, काय म्हणू?
तो म्हणाला, समजलं.
आमच्याकडे भातात कडुलिंब घालतात त्या दिवशी.
मी म्हटलं, आमच्याकडेही पान चावतात.
मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
खाली घड्याळवाल्याकडे
पाच-सहा घड्याळांनी पुढेमागे चार वाजवले.

रावपुऱ्यातून आणलेली कोरी वही
त्यांनी माझ्याच टेबलावर उघडली.
स्वाइं लिहू लागला. अक्षरं गोल,
आकडेसुद्धा गोल,
मला एकही ओळखू आला नाही.
पण मधोमध त्याने रेघ मारली.
डावीकडे नावं आली, एकोणीस.
उजवी बाजू कोरी.

जाताना त्यांनी पातेलं मागितलं,
बाराव्याचं जेवण इथल्या पोरांना घालायचं होतं.
चेपलेलं दिलं, ते जास्त मोठं आहे.
सातव्या वहीत नोंद केली:
मोठे पातेले, एक. नेणार दु. स्वाइं.
परत येण्याची तारीख
विचारायची राहिली.
रकाना तसाच ठेवला,
बारी बंध केली, उतरले.