खोली नंबर सात

माझ्या कामाला नीट नाव नाही.
पगारपत्रकावर परिचर, ओपीडीत सुपडामावशी,
आणि घरी मुलगा विचारतो, आज काय केलंस,
तर सांगते, उभी होते.

चोपड्याचा सरकारी दवाखाना, चैत्रातली दुपार.
हिरव्या पडद्याच्या दोन कड्या तुटलेल्या,
मधली फट मी बांगडीतल्या पिनेनं बंद करते.
मग टेबलाशी येते, उशाकडे.
पायांकडे नाही.
तिथलं मला ठाऊक आहे,
तोंड मात्र दर वेळी नवं असतं.

आजची केळीच्या बागेतून आलेली.
बोटांवर चिकाचे काळे डाग, पार नखांपर्यंत.
"धोयात वं माय, पन नही निंघतस,"
जशी काही तपासणी हातांचीच होती.

चादर तिच्या गुडघ्यांवर ओढली.
नवे डॉक्टर हातमोजे चढवता चढवता म्हणाले,
मावशी, बाहेर गर्दी आहे, तुम्ही जा, माझं होईल.

माणूस वाईट असेल असं नाही.
लाइट जायची वेळ झालेली, साठ केसपेपर बाकी,
आणि काम करताना कुणी बघत राहिलेलं
मलाही आवडत नाही.
मी म्हटलं, हो साहेब.
आणि उभीच राहिले.

पंखा दोनदा अडखळला.
त्यांनी दिवा खाली ओढला, थांबले,
मग विचारलं,
"हात लावू का, बाई?"
ती माझ्याकडे बघून हो म्हणाली.

एकोणीस वर्षांची होते मी, अमळनेरला.
सासू बाहेर बाकावर, माझ्या चपला सांभाळत.
आत मी, ते, आणि कडी लावलेलं दार.
काही झालं का?
आजही सांगता येत नाही.
कुणी असतं उशाशी, तर नजरेनं विचारलं असतं,
हे असंच असतं का गं?
तिनं मान हलवली असती.
आडवी किंवा उभी.

चार मिनिटं लागली.
तिनं माझं मनगट धरलं होतं, ते सुटल्यावर कळलं.
साडी सारखी करून ती उठली,
पडद्याची पिन स्वतःच काढली
आणि त्या काळ्या बोटांनी माझ्या बांगडीत अडकवली.
आभार वगैरे काही नाही.
"तुनं नाव काय शे?" एवढंच.

रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, सोबत कोण हजर.
बहुतेक दिवशी तो कोराच जातो, कुणी विचारत नाही.
आज मी पेन मागून घेतलं.
सुपडाबाई, लिहिलं, काना जरा लांबच गेला.
मग पडद्याबाहेर तोंड काढून म्हटलं,
पुढची.